आईच्या हाडांच्या गोळ्या : नऊ महिन्यांचा अनुभव, बिलासकट

आमच्या आईचं वय 68. गेल्या वर्षी पाण्याची बादली उचलताना पाठीत चमक भरली असं तिला वाटलं, मग आम्ही पंधरा दिवस बाम, शेक, गरम पाण्याची पिशवी सगळं करून बसलो आणि शेवटी एक्सरे काढला तर मणकाच दबलेला निघाला. पडलीबिडली नव्हती, नुसती बादली उचलली होती! मग डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, त्यातला आकडा म्हणजे टी-स्कोअर उणे 3.1. उणे 2.5 किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ होण्याचा आजार) धरतात, म्हणजे आमचं प्रकरण चांगलंच खाली होतं.

डॉक्टरांनी अ‍ॅलेंड्रोनेट 70 ची आठवड्याला एक गोळी लिहिली. वर्षातून एकदा सलाईनमधून घ्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आणि रोज टोचायचं टेरिपॅराटाइड हेही पर्याय सांगितले, पण टेरिपॅराटाइडचा महिन्याचा खर्च ऐकूनच आई म्हणाली "गोळीच द्या". तर ठीक. पण खाली मेडिकलमध्ये पहिल्या महिन्याचं बिल झालं 2,640 रुपये आणि घरी येऊन एकेक ओळ वाचली तेव्हा कळलं की मुख्य गोळीचे पैसे त्यात पाचवा हिस्सासुद्धा नाहीत! बाकी सगळं काय, तर कोलॅजनची पावडर, प्रोटीनचा डबा, आणि दहाबारा गोष्टी घातलेली कॅल्शियमची महागडी गोळी. कोणी फसवलं असं म्हणणार नाही, चिठ्ठीवर लिहिलेलंच होतं, पण आम्हीही न विचारता घेतलं.

पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारलं, यातलं काय चुकवून चालणार नाही आणि काय सोडलं तरी चालेल? ते चिडतील असं वाटलं होतं पण त्यांनी शांतपणे पावडर आणि डबा दोन्ही खोडले आणि गोळीचं ब्रँडचं नाव काढून औषधाचं नाव लिहून दिलं. हे फार कामाला आलं, कारण चिठ्ठीवर ब्रँड असला की मेडिकलवाल्याला स्वतःच्या मनाने बदलून देता येत नाही. मग मोबाईलवर फार्मा सही दाम नावाचं सरकारी अ‍ॅप आहे त्यात बघितलं, सेम औषध, सेम 70 मिलिग्रॅम, आणि कंपनीगणिक किमतीत केवढा फरक! आता ओळखीच्या मेडिकलवाल्या काकांकडून चांगल्याच कंपनीची पण स्वस्तातली घेतो, कॅल्शियम आणि डी3 (व्हिटॅमिन डी) जनऔषधी केंद्रातून. महिन्याचा सगळा खर्च सातशेच्या आत येतो. मध्ये 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला त्याचाही थोडा हातभार, पण खरा फरक पावडर गेल्याने पडला. (प्रोटीनच्या रिकाम्या डब्यात आईने नाचणीचं पीठ भरलंय.)

एक चूक आमची. डी3 ची 60,000 युनिटची गोळी आठवड्याला एक अशी आठच आठवडे होती, नंतर महिन्याला एक. आम्ही डिस्काउंट मिळतोय म्हणून तीन महिन्यांच्या एकदम घेऊन ठेवल्या. आता पुरतायत पुरतायत संपतच नाहीत. आणि पडून आहेत म्हणून जास्त घेऊन टाकायच्या असंही नाही, अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

आता वापराबद्दल. ही गोळी घेणं म्हणजे एक प्रोजेक्टच आहे. सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, आडवं पडणं तर अजिबातच नाही. आडवं झालं आणि गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते. आईने सोमवार निवडला, उपास असतोच म्हणून. पण उपासाला चहा चालतो ना! पहिल्या महिन्यात दोनदा तिने गोळी चहाबरोबर घेतली आणि मला नंतर सांगितलं. चहा-दुधाबरोबर गोळी अंगी लागतच नाही म्हणे, म्हणजे पैसे पाण्यात. आता अलार्म लावलाय. त्या अर्ध्या तासात ती देवाला साष्टांग नमस्कार घालायला गेली होती तेव्हा मी किंचाळलेच, "आई, आज उभ्यानेच कर!" कॅल्शियम आम्ही दुपारी जेवणानंतर देतो, सकाळच्या गोळीच्या जवळपास नाही.

त्रास म्हणाल तर सुरुवातीला थोडी जळजळ, पाणी पूर्ण ग्लास प्यायला लागल्यावर गेली. पाठदुखी कमी झालीये पण ती गोळीने नाही, मणका भरत आल्याने आणि फिजिओने. ही गोळी दुखणं थांबवायला नसतेच. सुरू करण्याआधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं होतं आणि हलणारी दाढ काढून घेतली होती, कारण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरत नाही.

मावशीला मात्र हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू आहे. पैशांची ओढाताण झाली म्हणून ती डोस पुढे ढकलणार होती, आम्ही अडवलं. त्यात डोस लांबला की हाडं झपाट्याने पुन्हा विरळ होतात आणि मणके मोडू शकतात, त्यामुळे परवडत नसेल तर आधी डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या औषधावर जायचं, नुसतं थांबायचं नाही.

नऊ महिन्यांत नवीन फ्रॅक्चर नाही. एका लॅबवाल्याने तिसऱ्या महिन्यातच परत डेक्सा करायला सुचवलं होतं, डॉक्टर म्हणाले एवढ्यात काही दिसणार नाही, वर्ष तरी होऊ दे. तो स्कॅन झाला की इथेच आकडा टाकेन.