भूल किती द्यायची: कपाळावरची पट्टी की श्वासातला वायू?

निपाणी-खानापूरकडच्या छोट्या ऑपरेशन थिएटरात भुलीची खोली मोजणारे एकच यंत्र परवडणार असेल, तर भूल कशाने देता ते आधी पाहा. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन असे श्वासातून द्यायचे वायू असतील तर उच्छ्वासातल्या वायूचे मोजमाप बहुधा पुरते. वयानुसार काढलेला मॅक (वायूच्या भुलीच्या मात्रेचे माप) ०.७ च्या खाली जाऊ देऊ नका.

शिरेतून प्रोपोफॉलची भूल चालू असेल तर तो आकडा मिळतच नाही. तिथे कपाळावरच्या पट्टीने मेंदूलहरी टिपून भुलीची खोली आकड्यात सांगणारा बीआयएस कामाचा: ४० ते ६० मध्ये ठेवा. सत्तरीच्या आजोबांचा आकडा ३० पर्यंत उतरला, रक्तदाबही पडला, तर डोस कमी करा. मात्र केटामिन या भुलीच्या औषधाने आकडा फसवा चढतो. कपाळाचे स्नायू आखडले, कॉटरी (विजेवर कापण्याचे, रक्तस्राव थांबवण्याचे उपकरण) चालली, तरीही बिघडतो. तेलकट कपाळ स्पिरिटने पुसून, वाळवूनच पट्टी चिकटवा. पट्टी एकाच रुग्णापुरती. खरेदीच्या वेळी नेमका हाच खर्च विसरला जातो.