सीलबंद खोक्यातला मास्टर सिलिंडर

फियाट ११०० किंवा पद्मिनीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) 'जुन्या स्टॉकमधला, सीलबंद' म्हणून कुणी देऊ करत असेल, तर खोकं उघडण्याआधी त्याच्यावरचा पत्ता वाचा. मी वाचला नाही. त्यात २४,५०० रुपये गेले. पैशांचं एक वेळ सोडा, पण ७८ वर्षांच्या वडिलांना शेजारी बसवून दिवे घाट उतरताना माझ्या पायाखालचं पेडल तळाला गेलं, ते मला अजून झोपू देत नाही.

गाडी १९६६ ची फियाट ११०० डिलाइट. अण्णांनी ती १९७९ साली सेकंडहँड घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. त्यामुळे इंजिन आणि ब्रेकचे बरेच भाग आजवर मिळत राहिले, कारण मुंबईत हजारो टॅक्सींना ते रोज लागत होते. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हापासून ओळखीच्या दुकानांत विचारलं की उत्तर एकच, 'आता कोण ठेवतंय, साहेब.' डिलाइटचं ग्रिल, मोनोग्राम, कडेच्या पट्ट्या असला माल तर पद्मिनीच्या दुकानात आधीही नव्हता. तो शोधायचा म्हणजे भंगारवाले, चोर बाजार, नाहीतर आमच्या पुण्यात जुना बाजार.

मंगळवार पेठेतल्या या बाजारात मी दहा-बारा वर्षं बुधवार-रविवार जातो आहे. गोणपाटावर पाने, बेअरिंग, उघडे कार्ब्युरेटर, शेजारी पितळी तांबे आणि बंद पडलेले रेडिओ. इथल्या माणसांनी मला फसवलेलं नाही, हे आधीच सांगतो. 'हे भंगार आहे, चालेल की नाही मला माहीत नाही, बघून घ्या' असं तोंडावर सांगणारी ही माणसं. ॲशट्रे, वायपरची दांडी, ग्लोव्हबॉक्सचं कुलूप हे सगळं त्यांच्याकडूनच वाजवी भावात मिळालं.

तो माणूस त्यांच्यातला नव्हता. वय चाळिशीचं, इस्त्रीचा शर्ट, आणि गोणपाटाऐवजी एक जुनी सुटकेस. सुटकेसमध्ये पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली खोकी. मी वाकून बघायला लागलो तसं त्याने विचारलं, "काका, गाडी कोणती?"

इथेच माझं चुकलं. मी सगळं सांगून टाकलं. डिलाइट आहे, सहासष्टची, मास्टर सिलिंडर गळतो, पुढच्या काचेला चीर गेली आहे, मोनोग्राम हरवलं आहे. जुन्या गाडीवाल्याला कुणी प्रेमाने विचारलं की तो असाच बोलत सुटतो, आणि तो माणूस ऐकून घेत होता. त्या दिवशी त्याने मला फक्त मोनोग्राम दिलं, ३०० रुपयांत. अस्सल होतं. दुसरा कुणी सहज हजार म्हणाला असता. पुढच्या रविवारी त्याच्या सुटकेसमध्ये नेमकी माझ्या यादीतल्या मास्टर सिलिंडरची काही खोकी होती, शिवाय चाकाजवळ बसणारे व्हील सिलिंडर चार.

त्याची गोष्ट अशी होती. वडील एका डीलरकडे स्टोअरकीपर. १९६९ साली ते दुकान बंद झालं आणि थकलेल्या पगाराऐवजी त्यांना माल मिळाला, तो माळ्यावर पडून राहिला. अशी घरं मी खरोखर पाहिली आहेत, म्हणून शंका आली नाही. खोक्यावर ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका नामांकित कंपनीचं नाव होतं आणि झाकणावर कागदी पट्टी चिकटवलेली. "सील तोडलं तर घ्यावं लागेल, काका," तो म्हणाला. घरी जाऊन उघडू, असं मी ठरवलं. एका मास्टर सिलिंडरचे ५,५०० आणि चार व्हील सिलिंडरचे ४,००० रुपये दिले.

काचेसाठी त्याने आणखी मोठं काही सांगितलं. त्याचा एक मित्र इंग्लंडला असतो, ब्यूलीच्या ऑटोजंबलला जातो, तिथून इटलीची काच आणून देईल. ब्यूली मला नावाने ठाऊक होतं. न्यू फॉरेस्टमधल्या या गावात १९६७ पासून दर वर्षी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो आणि युरोपभरातून लोक तिथे येतात. ऑटोजंबल हा शब्दही तिथलाच. ११०० डी इटलीत १९६६ पर्यंत बनत होती, म्हणजे तिची काच तिथे मिळू शकते, हे गणित मी स्वतःच मनात मांडलं. त्याला फक्त गावाचं नाव घ्यावं लागलं. आगाऊ १५,००० मी फोनवरून पाठवले. पैसे जाताना स्क्रीनवर वेगळंच नाव दिसलं. "भाच्याचा नंबर आहे, माझं खातं बंद पडलंय," असं तो म्हणाला. नाव वेगळं दिसलं तिथेच हात थांबवायला हवा होता.

आमचे मिस्त्री त्या आठवड्यात गावाला गेले होते. मला धीर नव्हता. त्यांच्या हाताखालच्या मुलाकडून मी मास्टर सिलिंडर बसवून घेतला आणि व्हील सिलिंडर नंतर बसवू म्हणून ठेवून दिले. पेडल टणक लागलं. तीन आठवडे शहरात गाडी छान चालली, आणि मी अण्णांना म्हटलं, चला, जेजुरीला जाऊन येऊ.

परतताना सासवड सोडलं, दिवे घाट सुरू झाला. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला तेव्हा अण्णा मला काहीतरी दाखवत होते. पुढचा टेम्पो हळू झाला म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल अर्ध्यावर थांबलं आणि मग पायाखालून सावकाश खाली खाली जात राहिलं. भस्सकन गेलं असतं तर निदान कळलं असतं. हे असं गेलं की आधी मला वाटलं, माझाच पाय नीट नाही. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा थोडी पकड आली. गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीत घातली. टेम्पोचं मागचं फळकूट बॉनेटपासून हातभर अंतरावर. चारही चाकांच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर असलेली ही गाडी आहे. तो गेला की मागे दुसरं काही नसतं.

अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने पाण्याची बाटली उघडून मला दिली.

मिस्त्रींनी सिलिंडर वायसला लावून उघडला. तोंडाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "दादा, हा वापरलेला माल आहे." सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते वर्षानुवर्षं बदललं नाही की लोखंड आतून असं खातं. ते खड्डे एमरी पेपरने घासून वरवर चकचकीत केले होते. घासून बोअर, म्हणजे आतली पोकळी, मोठा झालेला, त्यात नवे रबरी वॉशर घातलेले. नवा वॉशर काही दिवस पकडतो, मग खड्ड्यांच्या कडांवर घासून त्याची ओठासारखी कड फाटते आणि ऑइल पुढे चाकांकडे जायचं सोडून मागे सरकतं. बाहेरून काळा रंग मारला होता, तो पाइपाच्या आट्यांमध्येही उतरला होता. कारखान्यात आट्यांत रंग जाऊ देत नाहीत. मागच्या नटाच्या सहाही कडा पान्याने गोल झालेल्या होत्या. नव्या मालाच्या नटाला पाना कशाला लागला असेल? व्हील सिलिंडर उघडले, ते चारही तसेच निघाले.

खोकं मी शेवटी पाहिलं. १९६९ चा माल. पण इंग्रजीत छापलेल्या पत्त्यात 'बॉम्बे' नव्हतं, 'मुंबई' होतं, आणि पुढे सहा आकडी पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. शहराचं इंग्रजी नाव बदललं १९९५ मध्ये. खोकं कुठल्याशा छापखान्यात नवं छापून घेतलेलं होतं, बहुधा चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं. पुठ्ठ्याची आतली बाजू पांढरीशुभ्र होती.

तो पुढच्या रविवारी आला नाही, बुधवारी नाही, नंतरही नाही. शेजारच्या विक्रेत्याने सांगितलं की तो चार-पाच वेळाच बसला होता. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली. पूर्वी जे ४२० कलम म्हणायचो, ते आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. काचेच्या पैशांसाठी १९३० वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लक्षात ठेवा आणि पैसे गेल्याबरोबर लावा, कारण खात्यात रक्कम शिल्लक असेल तरच ती अडवता येते. मी महिनाभराने लावला. तोवर रक्कम काढली गेली होती.

आता बाजारात कुणी 'गाडी कोणती' विचारलं तर मी 'फियाट' एवढंच म्हणतो आणि त्याच्याकडे काय आहे ते त्याला दाखवू देतो. सील तोडू देत नसेल तर ब्रेक आणि स्टिअरिंगचा कुठलाही भाग घेत नाही. खिशात छोटी बॅटरी असते, तिने बोअरच्या आत बघतो. आणि बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल दाबून पूर्ण एक मिनिट पाय तसाच ठेवतो. पेडल केसभर जरी खाली सरकलं तरी भाग परत. त्या दिवशी हे एक मिनिट मी काढलं नव्हतं. त्या सिलिंडरने मिनिटभर दम धरला असता की नाही, सांगता येत नाही, कारण वॉशर तेव्हा नवे होते. म्हणून महिन्याने पुन्हा तपासतो.

आमचा मूळचा गळणारा सिलिंडर मिस्त्रींनी टाकला नव्हता. लेथवर बोअर करून त्यात स्टीलची स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवली, नवं किट घातलं. तोच आता गाडीला आहे आणि पेडल जागचं हलत नाही. काचेची चीर तशीच आहे.

हे सगळं इतकं तपशिलात लिहिण्याचं कारण एकच. ज्या रविवारी मी पैसे दिले, त्या दिवशी सुटकेसमध्ये मास्टर सिलिंडरची तशीच आणखी दोन खोकी होती. पिवळसर पुठ्ठा, निळी अक्षरं, झाकणावर तपकिरी कागदाची पट्टी. ती कुणीतरी नेली असणार. तुमच्या गाडीत तो सिलिंडर बसला असेल, तर घाटात जाऊ नका. आजच उघडून बघा.