जीओजी: कुलूप न लावता गेम विकणारं दुकान

फुकट्यांमुळे विक्री बुडते, असं म्हणत कंपन्या गेमला डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कुलूप लावतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं 2008 मध्ये सुरू केलेलं जीओजी ते लावतच नाही. एकदा पैसे भरून फाइल उतरवली की नेट बंद असलं तरी गेम चालतो.

गॅलेक्सी हे त्यांचं अ‍ॅप सोयीचं आहे, सक्तीचं नाही. लायब्ररीत गेमवर क्लिक करून ऑफलाइन इन्स्टॉलर घ्या. मोठा गेम एक छोटी .exe आणि सुमारे 4 जीबीच्या अनेक .bin फायलींत येतो. सगळ्या एकाच फोल्डरात हव्यात, नावं बदलायची नाहीत, एक .bin जरी राहिली तरी इन्स्टॉल मध्येच अडकतं. पुढचे पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या फायली, मात्र आपणच उतरवायचे, आणि अ‍ॅप नसेल तर सेव्हचा, म्हणजे खेळ कुठवर आला त्या नोंदीचा, क्लाउड बॅकअपही नाही. सीडी प्रोजेक्टच्याच ‘द विचर 3’ या गेमचं सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या gamesaves फोल्डरात असतं. विंडोज फॉरमॅट करण्याआधी ते आठवणीनं उचला.

आता कुलपाचा उपयोग किती? 2011 मध्ये ‘द विचर 2’च्या डीव्हीडीवर सेक्युरॉम नावाचं डीआरएम होतं, जीओजीच्या प्रतीवर काही नव्हतं. कुलूप फुटायचं ते फुटलंच, आणि त्रास झाला पैसे मोजणाऱ्यांना. शेवटी 1.1 पॅचमध्ये कंपनीनंच ते काढून टाकलं. 2015 चा ‘विचर 3’ इथे पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा होता. सगळी दुकानं आणि कन्सोल धरून 2023 पर्यंत त्याच्या 5 कोटींहून जास्त प्रती खपल्या. पायरसी नसती तर आणखी खपल्या असत्या का, हे यावरून कळत नाही, हेही खरं.

युरोपीय आयोगानं करवून घेतलेला, 2017 मध्ये उजेडात आलेला अभ्यास मात्र फरक नेमका दाखवतो. ताजे, गाजलेले सिनेमे दहादा चोरून पाहिले गेले की कायदेशीर पाहणं सुमारे चारनं घटतं. गेमच्या विक्रीत अशी घट त्यांना आढळली नाही. सिनेमावाल्यांचं रडगाणं गेमवाल्यांनी जसंच्या तसं गाऊ नये, ते यासाठी.

तोटे आहेतच. स्टीम या सगळ्यात मोठ्या गेम-दुकानापेक्षा माल बराच कमी, आणि काही गेमच्या मल्टिप्लेअरला गॅलेक्सी लागतंच, म्हणून गेमचं पान नीट वाचून घ्या. तांत्रिक बिघाड निघाला आणि सपोर्टलाही तो सुटला नाही, तर खेळून झालेल्या गेमचेही पैसे 30 दिवसांच्या आत परत मागता येतात.