टेलि-मानस १४४१६ : उपयोगाची सेवा, पण तयारीने फोन करा

टेलि-मानस ही मनाच्या तक्रारींसाठीची सरकारी फोनसेवा; हा दवाखाना नाही. ‘फोन लावला की डॉक्टर गोळी सांगतील’ अशा समजुतीने १४४१६ फिरवला तर चिडचिडच होईल. कुणाशी तरी नीट बोलायचंय, पुढे कुठे जायचं ते कळायला हवंय, अशा माणसाला मात्र ही सेवा चांगली आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत, आणि नाव सांगायची सक्ती नाही. पाचपैकी चार द्यायला हरकत नाही; एक गुण का कापला ते पुढे येईलच.

कोविडच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या सेवेची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबरला ती सुरू झाली. मुख्य केंद्र बेंगळुरूचं निमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६.

भाषा निवडली की फोन प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे. ‘कसंतरीच होतंय’ एवढ्यावर समोरच्याला फारसं काही करता येत नाही. आधी कागदावर लिहून घ्या: झोप किती तास, पहाटे किती वाजता जाग येते, भूक, कामावरचे खाडे, दारू, चालू गोळ्यांची नावं (स्ट्रिप हातातच ठेवा), आणि हे सगळं कधीपासून. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेच आधी सांगा. मरणाचे विचार येत असतील तर ते त्याच्याही आधी, पहिल्याच वाक्यात. नाशिकहून बोलतोय हेही सांगा, म्हणजे पुढचा पत्ता जवळचा मिळेल.

सर्वांत जास्त बिनसतं ते जागेवरून. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या एका खोलीत पाच माणसं, त्यात सासूबाई शेजारी बसलेल्या. मग ‘हो, नाही, बरं’ यापलीकडे बोलणं जात नाही. गच्ची गाठा, इयरफोन लावा, अर्धा तास मोकळा ठेवा. फोन तुटलाच तर पुन्हा तीच व्यक्ती मिळेल असं धरून चालू नका. कागद इथेच कामाला येतो.

महामारीतलं दुःख वेगळं सांगावं लागतं. २०२१ च्या लाटेत अंत्यविधीला मोजकी माणसं, रामकुंडावरचे विधी घाईत, शेवटचं तोंड बघणंही कित्येकांच्या नशिबी नव्हतं. एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण गेले, ते शहर विसरलेलं नाही. जवळचं माणूस गेल्यावर सहा महिन्यांनंतरही तीच तीव्र ओढ रोज राहिली आणि घर-काम ठप्प असेल, तर त्याला दीर्घकाळ लांबलेला शोक म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. ‘इतकी वर्षं झाली, आता काय’ म्हणून गप्प बसू नका.

आता कापलेला गुण. फोनवर नाडी बघता येत नाही, रक्त तपासता येत नाही. कोविडनंतरचा थकवा, विसराळूपणा, झोपमोड हे नैराश्यासारखंच दिसतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासल्याशिवाय सगळं मनावर ढकलणं चूक. त्यामुळे फोन ठेवण्याआधी ‘आता प्रत्यक्ष कुठे जाऊ?’ हे विचाराच. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात जायचं ठरलं तर मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वेळी असते ते आधी विचारून जा, जुने कागद सोबत न्या. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून, किंवा बरं वाटताच, त्या परस्पर बंद केल्या की गाडी पुन्हा मूळपदावर येते.

घरातल्यांनाही हा फोन करता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेची फवारणीची औषधं घरातच असतात. मरणाची भाषा ऐकू आली की ती औषधं आधी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका. काही पोटात गेलंय अशी शंका जरी आली तरी १४४१६ नाही, रुग्णवाहिकेचा १०८.