कामगारांसोबत बसून प्रशिक्षण आखणारी सेवा: रबाळ्याच्या ड्रम फिलिंग लाइनवरचा आढावा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात तयार पीपीटी घेऊन येणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत. वागळे इस्टेटमधून चालणारी ही सेवा मात्र प्रशिक्षणात काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे उभं राहून, हे लाइनवरच्या ऑपरेटर-हेल्परांकडूनच ठरवून घेते. रबाळे एमआयडीसीत ड्रममध्ये सॉल्व्हंट (पेट घेणारं द्रावक रसायन) भरणाऱ्या एका युनिटमधल्या कामावरून हा आढावा आहे. पाचपैकी साडेतीन गुण.

सुरुवात लाइनवरच्या निरीक्षणाने होते. त्यानंतर आठ जणांच्या गटासोबत अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या दोन बैठका. प्रत्येक कृतीसाठी एक कार्ड, आणि कार्डावर हाताने करायचं काम: ‘बंग उघडणे’ (बंग म्हणजे ड्रमच्या तोंडाचं बूच), ‘क्लॅम्प लावणे’, ‘वजन शून्यावर आणणे’. ‘सुरक्षिततेची जाणीव’ असली कार्डं लगेच बाजूला काढली जातात, कारण ती कोणाला करून दाखवता येत नाहीत. ज्यांना लिहिणं अवघड जातं त्यांच्यासाठी मोबाइलवर काढलेल्या फोटोचं कार्ड. लाइनवर मराठी, हिंदी, भोजपुरी सगळं चालतं, त्यामुळे फोटो सर्वांनाच सोयीचे पडतात.

मग नवखा माणूस कुठे चुकतो तिथे लाल ठिपका लावायचा, प्रत्येकी तीन. यात सेवेची एक सवय फार मोलाची आहे: सर्वांत नवा हेल्पर आधी ठिपके लावतो आणि जुना ऑपरेटर शेवटी. उलट केलं तर सगळे ठिपके जुन्या माणसाच्या ठिपक्याभोवती गोळा होतात आणि नवख्याची खरी अडचण दिसतच नाही.

सर्वाधिक ठिपके अर्थिंग क्लॅम्पच्या, म्हणजे ड्रमला वायरने जमिनीशी जोडणाऱ्या चिमट्याच्या, कार्डावर पडले, आणि इथे या पद्धतीचं बळ कळतं. जुन्या प्रशिक्षणात त्यावर एकच ओळ होती: ‘क्लॅम्प लावा’. सॉल्व्हंट वाहताना स्थिर वीज साठते, आणि ड्रम जमिनीशी जोडलेला नसेल तर एका ठिणगीने वाफ पेटू शकते, एवढं सगळ्यांना पाठ होतं. पण रंगवलेल्या ड्रमला क्लॅम्प नुसता अडकवून भागत नाही. त्याचे दात रंग फोडून उघड्या धातूपर्यंत गेले पाहिजेत, आणि झिजलेले दात तिथवर जात नाहीत. क्रमही महत्त्वाचा: बंग उघडण्याआधी क्लॅम्प लागला पाहिजे आणि बंग बंद झाल्यावरच निघाला पाहिजे. हे दोन्ही मुद्दे ऑपरेटरांनी रिकामा ड्रम समोर ठेवून करून दाखवले.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची निघाली. पॅलेटवरच्या मागच्या ड्रमपर्यंत वायर पोहोचतच नव्हती. कितीही शिकवलं तरी आखूड वायर लांब होत नाही! सेवेने हा मुद्दा ‘प्रशिक्षणाने न सुटणारे’ या वेगळ्या रकान्यात टाकून मेंटेनन्सकडे पाठवला. बहुतेक प्रशिक्षक इथेच चुकतात: यंत्राची उणीव कामगाराच्या अज्ञानाच्या खात्यावर मांडतात.

नव्या प्रशिक्षणाचा पहिला मसुदा पेन्सिलीने, साध्या कागदावर केला जातो, तेही बरोबर. रंगीत, लॅमिनेट केलेल्या तक्त्यावर खोडाखोड करायला कोणी धजावत नाही. कामगारांसोबत बसून संगणकाची साधनं आखणाऱ्या १९८१ ते १९८५ च्या यूटोपिया प्रकल्पात स्कँडिनेव्हियातल्या छापखाना कामगारांसमोर पुठ्ठ्याचं खोकं लेझर प्रिंटर म्हणून ठेवलं होतं, त्यामागेही हाच विचार होता.

आता उणिवा. दोन्ही बैठका दुपारी तीनला ठेवल्या. रात्रपाळीची माणसं त्या वेळी दिव्याला, कळव्याला घरी झोपलेली असतात. सकाळी सातच्या पाळीबदलाला बैठक जोडून त्या वेळेचा ओव्हरटाइम दिला असता तर तीही आली असती. कंत्राटी हेल्पर तर गटात नव्हतेच, आणि ड्रम हलवण्याचं बरंच काम तेच करतात. पहिल्या बैठकीत सुपरवायझर खोलीत बसून होते, त्यामुळे प्रत्येक जण एसओपीतली (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीतली) वाक्यं म्हणून दाखवत होता. दुसऱ्या बैठकीत ते नव्हते, आणि वायरची गोष्ट तेव्हाच बाहेर आली. सुपरवायझरांचं म्हणणं हवंच, पण ते वेगळ्या तासात घ्यावं.

कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने कलम ४१-जी आलं, तेव्हापासून कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती इथल्या धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना परिचित आहे. गट निवडताना या समितीतल्या कामगार प्रतिनिधींना विचारायला हवं होतं. यादी एचआरकडून आली, म्हणून तिच्यात बोलायला सोपी माणसंच जास्त होती.

शेवटी हाती पडली ती पीडीएफ. उद्या क्लॅम्पचा प्रकार बदलला तर एक ओळ बदलायलाही पुन्हा पैसे मोजायचे? ज्यांनी मजकूर घडवला त्यांच्याच हातात तो राहत नसेल तर त्यांचा सहभाग दोन बैठकांपुरता उरतो.

तरीही सेवा घ्यावी, पण करारात काही गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. निरीक्षण तिन्ही पाळ्यांत व्हावं. गटात निदान दोन कंत्राटी कामगार असावेत, आणि बैठकीच्या वेळेची मजुरी कोण देणार हे ठेकेदाराशी आधी ठरावं. फाइल बदलता येण्याजोगी मिळावी. लेखी परीक्षेऐवजी महिन्याभराने लाइनवर पाहणी व्हावी: नवा हेल्पर न सांगता क्लॅम्प आधी लावतो का, हे गटातल्याच ऑपरेटरने पाहायचं. बिलाचा शेवटचा हप्ता त्या पाहणीनंतरच द्यावा.