वेगासला दोन रात्री: उतरायचं कुठं आणि जायचं कोणत्या वारी

उन्हाळा लागला की लातुरातल्या प्रत्येक कॉलनीतून एखादं तरी जोडपं लेकराकडं अमेरिकेला निघतं. यंदा आमच्या शेजारच्या गुरुजींचा नंबर आहे. लेक-जावई लॉस एंजेलिसच्या बाजूला राहतात आणि जावयानं दोन दिवस लास वेगासचं टुमणं काढलंय. गुरुजी वही-पेन घेऊनच आमच्या ओट्यावर बसले. "आपल्याला ना पत्ते, ना दारू. पोरगी म्हणतीय म्हणून चाललाव. पण उतरायचं कुठं ते तुम्ही सांगा."

मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा मुलगा, सून, नातू असे सगळे मिळून शुक्रवार-शनिवार गेलो आणि स्ट्रिप म्हणतात त्या मुख्य रस्त्यावरच्या भल्यामोठ्या कॅसिनो-हॉटेलात (खाली जुगारखाना, वर खोल्या) उतरलो. दुसऱ्या खेपेला मी, ही आणि मुलगा असे तिघंच मंगळवार-बुधवार गेलो. तेव्हा एक रात्र फ्रीमॉन्ट स्ट्रीटच्या जुन्या भागात काढली आणि दुसरी कॅसिनो नसलेल्या हॉटेलात. म्हणजे तिन्ही चवी घेऊन झाल्या. त्यात बँकेत जन्म गेल्यामुळं बिल ओळ न् ओळ वाचायची खोड आहे. गुरुजींना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. त्या गावात तुमची खोली आणि रस्ता यांच्या मध्ये कॅसिनो असतो. लिफ्टमधून उतरलात की समोर जुगाराच्या यंत्रांच्या रांगा. चहा घ्यायला जा, जेवायला जा, टॅक्सी पकडायला जा, वाट तिथूनच. खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, आणि बाहेर जायची पाटी शोधावी लागते. आपल्याकडं यात्रेत देवळाकडं जायची वाट खेळण्यांच्या दुकानांमधून काढतात, तसलाच हिशेब. फक्त इथं देऊळच नाही. पहिल्या खेपेला हिनं मोबाइलमध्ये पावलं मोजली. खोलीच्या दारापासून फुटपाथपर्यंत नऊशे तीस भरली. दिवसातून तीनदा जाऊन येणं म्हणजे साडेपाच हजार पावलं नुसत्या हॉटेलातच मोडली. म्हणून गुडघे दुखणाऱ्या माणसानं हॉटेल निवडताना फोटोतलं झुंबर बघत बसू नये. खोली ते रस्ता अंतर किती, ते विचारावं.

स्ट्रिपवरचं मोठं हॉटेल घेण्याचं कारण एकच: बघण्यासारखं सगळं तिथं. बेलाजिओ, सीझर्स पॅलेस, व्हेनेशियन, फ्लेमिंगो ही स्ट्रिपच्या मधल्या भागातली हॉटेलं. यातल्या एखाद्यात उतरलात तर संध्याकाळी बेलाजिओची कारंजी चालत जाऊन बघता येतात. दुपारी दर अर्ध्या तासाला आणि रात्री दर पंधरा मिनिटांना ती नाचतात, एक पैसा लागत नाही. व्हेनेशियनमध्ये पोटात कालवा काढून नावा सोडल्यात. वर रंगवलेलं आभाळ आहे, त्यात सदा संध्याकाळच. नातू खूश झाला. दक्षिणेकडं एक्सकॅलिबर आणि लक्सर आहेत. पैकी एक किल्ला, दुसरा पिरॅमिड. दर बरेच कमी असतात आणि मँडले बे हॉटेलापासून एक्सकॅलिबरपर्यंत फुकट ट्राम आहे. पण तिथून मधल्या भागात यायचं म्हणजे "हे काय, समोरच तर दिसतंय" असं म्हणत अर्धा-पाऊण तास चाला. इमारती इतक्या मोठ्या की अंतराचा अंदाजच येत नाही. एमजीएम ग्रँड या एकाच हॉटेलात पाच हजारांवर खोल्या आहेत. त्यात चौकात रस्ता सरळ ओलांडू देत नाहीत. सरकत्या जिन्यानं वर, पुलावरून पलीकडं, पुन्हा खाली.

माझं मत विचाराल तर मोठं हॉटेल बघायला जावं, राहायला नव्हे. कुठल्याही हॉटेलात आत शिरून फिरायला कुणी अडवत नाही. मग तिथंच खोली घेऊन वरचे पैसे का मोजायचे?

फ्रीमॉन्ट स्ट्रीट म्हणजे मूळचं वेगास. १९०५ साली रेल्वेनं जमिनीचा लिलाव केला आणि गाव वसलं ते या बाजूला. स्ट्रिपचा मोठा भाग तर कागदोपत्री लास वेगास शहराच्या हद्दीतच येत नाही. इथली हॉटेलं जुनी, बुटकी, एकमेकांना खेटून. लिफ्टमधून दोन मिनिटांत माणूस रस्त्यावर. आमच्या गुडघ्यांना हे एकदम मानवलं. रस्त्याच्या डोक्यावर लांबलचक कमान आहे, तिच्यावर रात्री दिव्यांची चित्रं धावतात. लोक पोटावर झोपून तारेवरून सुसाट जातात आणि खाली आपण मान वर करून बघतो. गोल्डन नगेट हॉटेलात काचेआड सोन्याचा एक गोळा ठेवलाय. ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये सापडलेला, वजन २७ किलोंच्या वर. आमची ही त्याच्यासमोर जेवढा वेळ उभी राहिली तेवढी अख्ख्या स्ट्रिपवर कुठं थांबली नसेल. "किती तोळे होतील हो?" हिशेब केला. तेवीसशेच्या वर. त्यानंतर बाई अर्धा तास गप्प होत्या.

या भागाची खोट म्हणजे आवाज. रस्त्यावर बँडचे मंच असतात आणि मध्यरात्र उलटली तरी ढोल थांबत नाही. आपल्याकडं लग्नाच्या वरातीचा डीजे निदान पुढं तरी सरकतो. हा एकाच जागी. खोली मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची मागून घ्या. रात्री दहानंतर रस्त्यावर चित्रविचित्र कपड्यांतली, काही तर बिनकपड्यांतलीच म्हणावीत अशी माणसं फोटोसाठी उभी असतात. नातवंडं बरोबर असतील तर विचार करावा. स्ट्रिपवर जायला ड्यूस नावाची दुमजली बस रात्रंदिवस धावते. पण गर्दीच्या वेळी ती आपल्या एसटीलाही सबुरी शिकवते.

तिसरा पर्याय आपल्या लोकांना माहीतच नसतो. कॅसिनो नसलेली हॉटेलंही तिथं आहेत. बेलाजिओच्या मागं व्हिडारा आहे, एमजीएम ग्रँडच्या मागं सिग्नेचरचे तीन मनोरे आहेत. खाली यंत्रं नाहीत, सिगारेटचा वास नाही. हा वास कॅसिनोत जागोजागी असतो आणि दमेकऱ्याला नकोसा होतो. शिवाय बहुतेक खोल्यांत छोटंसं स्वयंपाकघर असतं. शाकाहारी माणसाला याची किंमत तिथं गेल्याशिवाय कळत नाही. साध्या कॅसिनो-हॉटेलातल्या खोलीत बहुधा चहाची किटलीही नसते, मायक्रोवेव्ह तर लांबच. आम्ही सुनेनं बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खोलीतच गरम करून खाल्ली. बाहेरच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसे वाचले आणि पोटही. तोटा एवढाच की ही हॉटेलं स्ट्रिपला अगदी लागून नाहीत. व्हिडाराहून बेलाजिओत पाच-सात मिनिटांत पोचता येतं. सिग्नेचरहून मात्र लांबलचक बोळ आणि मग एमजीएमचा अख्खा कॅसिनो पार करावा लागतो.

आता बिल. मुलानं मंगळवारची एक खोली दाखवली, दर ४५ डॉलर. मी म्हटलं, वा, स्वस्त आहे. पुढं रिसॉर्ट फी ४५ डॉलर. ही पोहण्याचा तलाव, वायफाय वगैरेसाठी, वापरा किंवा नका वापरू. झाले ९०. त्यावर १३ टक्क्यांच्या आसपास कर. म्हणजे ४५ ची खोली १०२ ला पडली. तीच खोली शनिवारी १७० ला होती, फी आणि कर धरून २४४. पूर्वी ही फी शेवटच्या पानावर उगवायची. मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आलाय की सक्तीची फी धरूनच दर दाखवायचा, पण कर तरीही नंतर चढतो. गाडी घेऊन गेलात तर पार्किंग वेगळं. २०१६ च्या आधी स्ट्रिपवर ते फुकट असायचं, आता बहुतेक मोठ्या ठिकाणी पैसे पडतात. खोली ताब्यात देताना कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात, ती काही दिवसांनी सुटते. आपलं भारतातलं कार्ड देऊ नका, लेकराचं द्या.

आणि फ्रिज. पहिल्या खेपेच्या हॉटेलात (नाव घेत नाही) खोलीत छोटा फ्रिज होता, बाटल्या-चॉकलेटांनी भरलेला. हिनं दह्याचा डबा ठेवायला दोन बाटल्या काढून बाजूला उभ्या केल्या, सकाळी परत जागच्या जागी ठेवल्या. निघताना बिलात दोन बाटल्यांचे पैसे! खाली वजनाचं यंत्र असतं, वस्तू उचलली की नोंद होते. काउंटरवरच्या पोरीला सांगितलं, "आम्ही दही ठेवलं होतं." तिला दही कळलं नाही, पण पैसे वजा केले. तेव्हा निघण्याआधी बिल मागून वाचा. फ्रिजवर सूचना असेल तर त्याला हातच लावू नका.

वरच्या आकड्यांतून वाराचं गणित लक्षात आलंच असेल. रविवार ते गुरुवार स्वस्त, शुक्रवार-शनिवार महाग. जानेवारीतलं इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन आणि नोव्हेंबरातली फॉर्म्युला वन शर्यत या दिवसांत तर वारही विचारू नका. लॉस एंजेलिसहून रस्त्यानं ४३० किलोमीटर, चार-साडेचार तास. पण शुक्रवारी संध्याकाळी जाताना आणि रविवारी दुपारी परतताना अख्खं कॅलिफोर्निया त्या एकाच रस्त्यावर असतं. रविवारी आम्हाला सात तास लागले. नातवानं तेवढ्यात गाडीतलं सगळं खाऊन संपवलं. लेकराला आठवड्याच्या मधली रजा मिळत नसेल तर रविवारी दुपारी जा, मंगळवारी पहाटे निघा. एकच पूर्ण दिवसाची रजा लागते, ऑफिस फार ओरडणार नाही.

दोन रात्रींत बाहेर काय बघायचं? हूवर धरण बघाच, ते पाऊण-एक तासावर आहे. १९३५ मध्ये पूर्ण झालेलं, २२१ मीटर उंच. आपलं जायकवाडी जवळजवळ १० किलोमीटर लांब आहे, पण उंचीला ४१ मीटर. तिथं वरून खाली बघताना पायात गोळे येतात. ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीची गोष्ट निराळी. साऊथ रिम, म्हणजे तिचा दक्षिण काठ, जवळपास ४५० किलोमीटर, नुसतं जायलाच साडेचार तास. एका दिवसात करतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. वेस्ट रिम दोन-अडीच तासांवर आहे. तिथला काचेचा पूल हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर आहे, म्हणून राष्ट्रीय उद्यानाचा पास चालत नाही. दोनच रात्री असतील तर मी धरणावर थांबेन आणि कॅनियनसाठी वेगळी सहल काढेन.

कारंज्यांचं एक राहिलं. लातूरचा माणूस साडेआठ एकरांच्या तळ्यात पाणी नाचताना बघतो तेव्हा त्याला २०१६ चा एप्रिल आठवतोच. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पहिल्या खेपेला ५ लाख लिटर होतं आणि आम्ही ते बघायला स्टेशनावर गेलो होतो. मी मुलाला चिडूनच विचारलं, या वाळवंटात ही चैन कशी परवडते? त्यानं सांगितलं ते असं की तळ्याचं पाणी तिथल्याच जुन्या विहिरीचं आहे, पूर्वी गोल्फच्या मैदानाला जायचं. आणि शहरात न्हाणीघरातून, मोरीतून गेलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध करून परत लेक मीड जलाशयात सोडतात. मग मी गप्प बसलो आणि कारंजी पुन्हा एकदा बघितली.

खेळायचंच असेल तर वय २१ पूर्ण हवं, पासपोर्ट जवळ हवा, आणि रूलेट या गोळी फिरवायच्या जुगारात चाकावरची शून्यं मोजून बसा. एक शून्य असेल तर शंभर डॉलरच्या डावांमागं सरासरी २.७० जातात, दोन असतील तर ५.२६, तीन असतील तर ७.६९. स्ट्रिपवर तीनवाली चाकंही भरपूर आहेत. हिनं यंत्रात ५ डॉलर घातले, चार मिनिटं टिकले. नातू मागं उभा राहिला तर सुरक्षारक्षकानं हलवलं. लहानांना तिथून चालत जाता येतं, थांबता येत नाही.

गुरुजींना मी मंगळवार-बुधवार आणि दोन्ही रात्री कॅसिनो नसलेलं हॉटेल सांगितलं. गुरुजींच्या घरून सोवळ्याचं खाणं, त्यांना स्वयंपाकघर हवंच. फ्रीमॉन्टला एक संध्याकाळ बसनं जाऊन यावं, सोनं बघून परतावं. नातवंडं लहान असलेल्या घरानं रविवार-सोमवार एक्सकॅलिबरसारखं स्वस्त हॉटेल घेतलं तरी चालेल, पोरांना किल्ला आवडतो. एकटी तरुण पोरं फ्रीमॉन्टला मजेत राहतील, त्यांना झोपायचं नसतंच. जून-जुलैत पारा चाळिशीच्या पार असतो. पण आपण एप्रिल-मे लातुरात काढलेले, दुपारी आत आणि संध्याकाळी बाहेर हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

उठता उठता गुरुजींनी विचारलं, चहासाठी घरची विजेची किटली न्यावी का? नेऊ नका. तिथं वीज १२० व्होल्टची. आपली २३० ची किटली पिन बदलून लावली तरी चौथाई ताकदीनं चालते. आम्ही नेली होती, पाणी उकळायलाच अर्धा तास गेला.