कँटनचे हॉल ऑफ फेम: टेरेल डेव्हिसच्या अर्धपुतळ्यापाशी

ओहायोतील कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधील दिग्गजांच्या सन्मान-संग्रहालयात, ब्राँझच्या अर्धपुतळ्यांच्या दालनात मी सर्वाधिक रेंगाळलो ते टेरेल डेव्हिसपाशी, कारण त्याच्यासारख्या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) हा मान द्यावा की नाही, याचा खरा कस तिथेच लागतो. नियमित हंगामांतील अवघे 78 सामने आणि 7,607 यार्ड ही शिदोरी तोकडी वाटते खरी. परंतु 1998 मध्ये 2,008 यार्ड धावणाऱ्या, आणि त्याआधीच्या सुपर बोलमध्ये (विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात) अर्धशिशीने दिसेनासे झाले असतानाही मैदानात उतरून एकूण तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) करणाऱ्या खेळाडूला निव्वळ बेरजेने मोजणे मला पटत नाही. गेल सेयर्स या दुसऱ्या रनिंग बॅकला तर या मानासाठी 68 सामनेच पुरले होते. डेव्हिसची 2017 मधील निवड रास्तच आहे, उशिराची, एवढेच.